हालचालीला तिच्या नावाने ओळखायचं कसं: शरीररचना आणि हालचालींच्या परिभाषेची पायरीपायरीने ओळख

चार जणांना ‘हात वर करा’ असं सांगून बघा. एक जण हात समोरून वर नेईल, दुसरा बाजूने नेईल, तिसरा कोपर दुमडून पंजा खांद्यापाशी आणेल, चौथा विचारेल, ‘किती वर?’ चौघांपैकी कुणीही चुकलेलं नाही, सूचनाच अर्धवट होती. व्यायामाच्या वर्गात, खेळाडूचा व्हिडिओ पाहताना किंवा रुग्णाच्या केसपेपरवर नोंद करताना हाच घोळ होतो. तिथे मात्र त्याची किंमत दुखऱ्या सांध्याला मोजावी लागते.

याचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. वर, खाली, पुढे, मागे हे रोजच्या बोलण्यातले शब्द खोलीचे आहेत. छत वर, जमीन खाली. शरीररचनाशास्त्रातले शब्द शरीराचे आहेत. माणूस झोपला, कुशीवर वळला, डोक्यावर उभा राहिला, तरी त्याचं डोकं ‘वरच्या’ टोकाला आणि छाती ‘पुढच्या’ बाजूलाच राहते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढची परिभाषा पाठ करावी लागत नाही, ती आपोआप उलगडत जाते. मी शिकवताना पहिला तास यावरच घालवते, आणि तो तास वाया गेलाय असं मला कधी वाटलेलं नाही.

पहिली पायरी: मूळ स्थिती अंगात भिनवा

सरळ उभे राहा. नजर समोर, पावलं जवळजवळ आणि बोटं पुढे, हात शरीरालगत सरळ खाली, तळहात पुढच्या दिशेला. ही शरीररचनेची मूळ स्थिती. जगातलं कुठलंही शरीररचनेचं पुस्तक हीच स्थिती धरून बोलतं. समोरचा माणूस प्रत्यक्षात बसलेला असो वा पोहत असो, त्याचं वर्णन करताना तो मनातल्या मनात असा उभा आहे असंच धरायचं.

तळहात पुढे का, हा प्रश्न चांगले विद्यार्थी हमखास विचारतात. आपण सहज उभे राहतो तेव्हा तळहात मांड्यांकडे वळलेले असतात, त्यामुळे मूळ स्थितीत थोडं अवघडल्यासारखं वाटतं. पण तळहात पुढे केला की कोपराखालची दोन्ही हाडं, रेडियस आणि अल्ना, एकमेकांना समांतर येतात. हात पालथा केला की रेडियस अल्नावरून आडवं जातं. गुंता नसलेली अवस्था आरंभबिंदू म्हणून घेतली आहे, इतकंच.

दुसरा नियम डाव्या-उजव्याचा. डावं-उजवं नेहमी ज्याचं वर्णन चाललंय त्याचं, बघणाऱ्याचं नाही. समोर उभ्या माणसाचा उजवा हात तुमच्या डावीकडे दिसतो. एक्स-रे पाहतानाही असंच असतं.

दुसरी पायरी: दिशांच्या जोड्या

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. छातीकडची बाजू अँटेरियर, पाठीकडची पोस्टेरियर. डोक्याकडे सुपेरियर, पायाकडे इन्फेरियर. शरीराच्या मध्यरेषेजवळ ते मीडियल, मध्यरेषेपासून दूर ते लॅटरल. हातापायांसाठी आणखी एक जोडी लागते: धडाकडे प्रॉक्सिमल, बोटांकडे डिस्टल. त्वचेजवळ ते सुपरफिशियल, खोल ते डीप.

हे सगळे शब्द तुलनेचे आहेत. ‘कोपर प्रॉक्सिमल आहे’ हे वाक्य अपुरं. ‘कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल आहे’ हे पुरं. तेच कोपर खांद्याच्या मात्र डिस्टल. सरावासाठी अंगठा घ्या. मूळ स्थितीत तो करंगळीच्या लॅटरल असतो. हे चटकन पटत नसेल तर तळहात पुढे केलेला नाही, एवढं नक्की.

तिसरी पायरी: चाक आणि आस

पातळी आणि अक्ष हे दोन शब्द ऐकले की बरेच जण वही मिटतात, म्हणून मी नेहमी चाकापासून सुरुवात करते. चाक ज्या सपाटीत फिरतं ती पातळी. चाकाच्या मधोमध आरपार जाणारी दांडी म्हणजे अक्ष, आपली आस. दोन्ही नेहमी एकमेकांशी काटकोनात असतात. सांध्याची हालचाल म्हणजे अशाच एखाद्या चाकाचा छोटासा तुकडा फिरणं.

शरीराच्या पातळ्या तीन. सॅजिटल पातळी शरीराचे डावा आणि उजवा असे भाग करते. कोलांटी उडी मारताना संपूर्ण शरीर या पातळीत फिरतं आणि आस कमरेतून डावीकडून उजवीकडे जाते. फ्रंटल पातळी पुढचा आणि मागचा असे भाग करते. हात टेकून चाकासारखी बाजूला घेतलेली उडी या पातळीतली, तिची आस पोटातून पाठीकडे आरपार. ट्रान्सव्हर्स पातळी वरचा आणि खालचा भाग वेगळा करते. जागच्या जागी घेतलेली गिरकी तिच्यात मोडते आणि आस डोक्यापासून पायापर्यंत उभी असते.

आता एक पेन्सिल घ्या आणि कोपराला बाहेरच्या बाजूने आडवी लावा, जणू ती सांध्यातून आरपार आत जाणार आहे. कोपर दुमडा, सरळ करा. पेन्सिल जागची हलत नाही आणि हात तिच्याभोवती फिरतो. तुम्हाला अक्ष सापडला. खांद्यातून हात बाजूला उचलताना पेन्सिल पुढून मागे धरावी लागते. मान डावी-उजवीकडे वळवताना ती डोक्यावर उभी ठेवावी लागते. कुठल्याही अनोळखी हालचालीबद्दल गोंधळ झाला की पेन्सिल कुठे रोवावी लागेल ते शोधा. पातळी मग सांगावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करायला हवी: रोजच्या हालचाली अशा कप्प्यांत बसत नाहीत. खांद्याचंच बघा. हात डोक्यावर न्यायचा तर तो सहसा अगदी समोरून वा अगदी बाजूने जात नाही. तो फ्रंटल पातळीच्या साधारण 30 ते 40 अंश पुढून उचलला जातो, कारण पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड, स्कॅप्युला, त्याच कोनात बसलेलं असतं. तीन पातळ्या म्हणजे नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघा. रस्ता त्या रेघांवरूनच जातो असं नाही, पण तो सांगायला त्या लागतातच.

चौथी पायरी: सांधा किती मोकळा आहे ते आधी बघा

कोपर बिजागिरीचा सांधा आहे, एकाच अक्षाभोवती फिरतो. मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा खुंटीभोवती फिरणाऱ्या कड्यासारखा. मान वळते त्यातली जवळपास निम्मी वळण या एका जागी होते. मनगटाला दोन अक्ष. अंगठ्याच्या तळाचा सांधा खोगिरासारखा, म्हणून अंगठा बाकी बोटांच्या टोकांना भेटू शकतो. खांदा आणि खुबा उखळीचे सांधे, तिन्ही अक्ष मोकळे. ज्या अक्षावर सांधा फिरतच नाही त्या अक्षावरची हालचाल तिथे नोंदवली असेल तर ती शेजारच्या सांध्यातून आलेली असते. ‘कमरेतून वळा’ ही सूचना तपासून पाहा. कमरेच्या 5 मणक्यांच्या सांध्यांची ठेवण अशी आहे की तिथे वळण अगदी थोडं होतं. धड वळतं ते मुख्यतः छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून.

पाचवी पायरी: हालचालींची नावं

फ्लेक्शन म्हणजे दुमडणं, सांध्याच्या दोन बाजूंमधला कोन लहान होणं. एक्स्टेन्शन म्हणजे उलगडणं. दोन्ही सॅजिटल पातळीत. कोपरात हे उघड दिसतं. खांदा आणि खुबा इथे मात्र ‘पुढे नेणं म्हणजे फ्लेक्शन’ असं धरावं. गुडघा याच्या नेमका उलट, तिथे फ्लेक्शनमध्ये पाय मागे जातो. हा अपवाद पाठ करण्यापेक्षा त्याचं कारण लक्षात ठेवा. गर्भात हातपाय आकार घेत असताना हात बाहेरच्या बाजूला आणि पाय आतल्या बाजूला वळतात. म्हणून कोपराचं टोक मागे आलं आणि गुडघा पुढे.

‘वाकणं’ या आपल्या शब्दाबद्दल इथेच सांगून टाकते, कारण तो सर्वांत जास्त घात करतो. उभ्याने खाली वाकून पायाच्या बोटांना हात लावताना दोन ठिकाणी फ्लेक्शन होतं, पाठीच्या कण्यात आणि खुब्यात. एखाद्याचा कणा कडक असतो आणि तो सगळं खुब्यातून करतो. दुसऱ्याच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, म्हणून तो पाठ गोल करून हात पोचवतो. दोघांचेही हात जमिनीला लागले तर ‘वाकतो चांगला’ अशीच नोंद होते. तसं लिहू नका. किती कण्यातून आणि किती खुब्यातून, हे वेगळं लिहा. एका बाजूला उभं राहून पाठीचा आणि मांडीचा कोन पाहिला की कळतं.

अ‍ॅबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर नेणं, अ‍ॅडक्शन म्हणजे मध्यरेषेकडे आणणं. उच्चार इतके जवळचे आहेत की वॉर्डात आणि वर्गात बोलताना जाणती माणसं ‘ए-बी-डक्शन’ आणि ‘ए-डी-डक्शन’ अशी अक्षरं फोडून म्हणतात. तुम्हीही ही सवय लावून घ्या. हाताच्या बोटांसाठी मध्यरेषा शरीराची नसते, मधल्या बोटाची असते. पायाच्या बोटांसाठी ती दुसऱ्या बोटाची. धड किंवा मान बाजूला कलते तेव्हा त्याला लॅटरल फ्लेक्शन म्हणतात.

रोटेशन म्हणजे हाडाच्या लांबीच्या अक्षाभोवती वळणं, आत वा बाहेर. खांद्याचं रोटेशन बघताना कोपर 90 अंशांत दुमडून शरीराला चिकटवायचं. हात सरळ ठेवून तळहात फिरवलात तर त्यात खांदा किती आणि कोपराखालचा भाग किती हे कळणारच नाही. कोपर दुमडलं की पंजा बाहेर गेला तर बाह्य रोटेशन, पोटाकडे आला तर अंतर्गत.

कोपराखालच्या हाताच्या हालचालींसाठी मराठीत आधीच नेमके शब्द आहेत: पालथा आणि उताणा. प्रोनेशन म्हणजे हात पालथा करणं, सुपिनेशन म्हणजे उताणा करणं. ओंजळ धरताना दोन्ही हात सुपिनेशनमध्ये असतात. दोन्ही हालचाली साधारण 80 अंशांच्या आसपास होतात. हे स्वतःच्या हातावर एकदा बघाच. उजवं कोपर दुमडून टेबलावर टेकवा. डाव्या हाताची बोटं कोपराच्या पुढच्या घडीत ठेवा, तिथे दोरीसारखा ताठ पट्टा लागेल. ते बायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचं, त्याला हाडाशी जोडणारं टेंडन. आता डाव्या हाताने न सोडता उजवा पंजा पालथ्यावरून उताणा करा, जणू घट्ट बसलेला स्क्रू आवळताय. कोपराचा कोन जराही बदलत नाही, तरी तो पट्टा बोटांखाली टणक होऊन वर येतो. बायसेप्स फक्त कोपर दुमडतो असं समजणाऱ्याला या एका प्रयोगातून कळतं की तो हात उताणा करणारा जोरकस स्नायूही आहे.

पावलासाठी वेगळे शब्द आले ते गोंधळ टाळायलाच. पंजा नडगीकडे उचलणं म्हणजे डॉर्सिफ्लेक्शन, साधारण 20 अंश. चवड्यावर उभं राहताना होतं ते प्लँटारफ्लेक्शन, साधारण 50 अंश. तळवा आतल्या बाजूला वळणं इन्व्हर्जन, बाहेर वळणं इव्हर्जन. या दोन हालचाली घोट्याच्या बिजागिरीत फारशा होत नाहीत, त्या तिच्याखालच्या सांध्यात होतात. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा प्लँटारफ्लेक्शन आणि इन्व्हर्जन एकत्र झालेलं असतं, म्हणून घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, दुखावतात. पाऊल बाहेर वळवणाऱ्या स्नायूंना जुन्या पुस्तकांत पेरोनियस म्हटलेलं दिसेल आणि नव्यांत फिब्युलॅरिस. स्नायू तेच आहेत. शरीररचनेच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी 1895 मध्ये बाझल इथे मंजूर झाली. पुढे ती अनेकदा सुधारली गेली आणि 1998 च्या यादीत हा बदल झाला.

स्कॅप्युलाच्या हालचाली सहसा विसरल्या जातात. खांदे उडवणं म्हणजे एलिव्हेशन, खाली ओढणं डिप्रेशन. हात पुढे ताणताना स्कॅप्युला बरगड्यांवरून पुढे सरकतो, ते प्रोट्रॅक्शन. छाती काढून उभं राहिल्यावर दोन्ही स्कॅप्युला कण्याकडे येतात, ते रिट्रॅक्शन. हात बाजूने 180 अंश वर नेला तर त्यातले साधारण 120 अंश उखळीच्या सांध्यातले आणि साधारण 60 स्कॅप्युलाच्या वर वळण्याचे. कुणाचा हात पूर्ण वर जात नसेल तर केवळ उखळीकडे बघून उत्तर सापडेलच असं नाही. पाठीवर तळहात ठेवून स्कॅप्युला सरकतोय का, तेही पाहा.

सहावी पायरी: हालचाल आणि स्नायू यांची गल्लत करू नका

इतके दिवस शिकवून मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. हालचालीचं नाव घेतलं की लोक तिच्यावरून स्नायूचं नाव ठरवून टाकतात. गुडघा फ्लेक्स होतोय म्हणजे गुडघा फ्लेक्स करणारा स्नायू काम करतोय, असं ते धरतात. बहुतेकदा तसं असतंही, पण नेहमीच नाही.

खुर्चीसमोर उभे राहा. दोन्ही तळहात मांड्यांच्या पुढच्या भागावर ठेवा आणि अगदी सावकाश खाली बसा. गुडघ्यात आणि खुब्यात फ्लेक्शन होतंय. हाताखाली मात्र मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, दगडासारखा झालाय, आणि तो तर गुडघा सरळ करणारा स्नायू. इथे फ्लेक्शन गुरुत्वाकर्षण घडवतंय. क्वाड्रिसेप्स लांब होत होत ते रोखतोय, तुम्हाला धाडकन आदळू देत नाही. हे एक्सेन्ट्रिक काम. उठताना तोच स्नायू आखूड होत गुडघा सरळ करतो, ते कॉन्सेन्ट्रिक. मध्येच थांबून राहिलात तर लांबी बदलत नाही पण जोर लागतो, ते आयसोमेट्रिक. जिना उतरल्यावर मांड्या दुखण्यामागे मुख्यतः एक्सेन्ट्रिक कामच असतं.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी सांधा, मग हालचाल. नंतर विचारा, ही हालचाल घडवतंय कोण, गुरुत्वाकर्षण की स्नायू? गुरुत्वाकर्षण घडवत असेल आणि वेग आटोक्यात असेल, तर काम करणारा स्नायू उलट बाजूचा. मुख्य काम करणाऱ्याला अ‍ॅगोनिस्ट, विरुद्ध बाजूच्या स्नायूला अँटॅगोनिस्ट आणि नको ती हालचाल थोपवून मदत करणाऱ्याला सिनर्जिस्ट म्हणतात. ही पदं कायमची नसतात, कामागणिक बदलतात.

दोन सांधे ओलांडणारे स्नायू आणखी एक काळजी मागतात. उताणं झोपून गुडघा सरळ ठेवून पाय उचला. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग ताणले जातात आणि पाय साधारण 70 ते 90 अंशांवर अडतो. आता गुडघा दुमडून तोच पाय पोटाकडे आणा. खुबा साधारण 120 अंशांपर्यंत सहज जातो. सांधा तोच, पण शेजारच्या सांध्याची स्थिती बदलली. खुब्याची नोंद करताना गुडघा कसा होता हे लिहिलं नसेल तर ती नोंद मी ग्राह्य धरत नाही.

सातवी पायरी: मोजा आणि लिहा

सांध्याचा कोन गोनिओमीटरने, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेल्या कोनमापकाने, मोजतात. मध्यबिंदू सांध्याच्या अक्षावर, एक पट्टी स्थिर हाडाच्या रेषेत, दुसरी हलणाऱ्या हाडाच्या रेषेत. कोपरासाठी मध्यबिंदू बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, स्थिर पट्टी दंडाच्या रेषेत खांद्याच्या टोकाकडे, हलती पट्टी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला. मूळ स्थिती म्हणजे 0. निरोगी कोपर साधारण 140 ते 150 अंशांपर्यंत दुमडतं.

‘उजवा गुडघा 10–110’ या नोंदीचा अर्थ: गुडघा पूर्ण सरळ होत नाही, 10 अंश उरतात, आणि 110 पर्यंत दुमडतो. सोबत सक्रिय की निष्क्रिय हे लिहा, म्हणजे माणसाने स्वतः केलं की तुम्ही हात धरून केलं. निष्क्रिय हालचाल पूर्ण आणि सक्रिय कमी असेल तर शक्ती, वेदना वा नियंत्रणाकडे बघायचं. दोन्ही सारखीच अडत असतील तर सांध्याकडे आणि भोवतालच्या ऊतींकडे. मोजताना माणूस बसलेला होता की झोपलेला, हेही एका शब्दात टाका.

एक पूर्ण उदाहरण: खुर्चीतून उठणं

आता सगळं एकत्र लावून पाहू. कुणीतरी खुर्चीत बसलंय, तुम्ही बाजूला उभे आहात, म्हणजे सॅजिटल पातळी समोर आहे.

सुरुवातीला धड पुढे झुकतं. सांधा खुबा, हालचाल फ्लेक्शन. नडग्या थोड्या पुढे कलतात, पाऊल मात्र जमिनीवरच आहे. सांधा घोटा, हालचाल डॉर्सिफ्लेक्शन. पाऊल वर उचललं नाही तरी ते डॉर्सिफ्लेक्शनच, कारण कोन लहान झाला. कुठलं हाड हललं याने नाव बदलत नाही, हा मुद्दा इथे नीट लक्षात येतो.

मग बैठक सुटते. गुडघ्यात एक्स्टेन्शन, खुब्यात एक्स्टेन्शन, घोटा डॉर्सिफ्लेक्शनमधून मूळ स्थितीकडे परत. काम कॉन्सेन्ट्रिक: गुडघ्याला क्वाड्रिसेप्स, खुब्याला नितंबाचा मोठा स्नायू ग्लुटियस मॅक्सिमस आणि हॅमस्ट्रिंग. हॅमस्ट्रिंग गुडघा दुमडणारा स्नायू असूनही उठताना क्वाड्रिसेप्सबरोबर कामाला लागतो. या कोड्याला लोम्बार्ड पॅराडॉक्स म्हणतात.

आता नोंद लिहा: ‘धड पुढे नेताना खुब्याचं फ्लेक्शन कमी, म्हणून हाताचा आधार घेतला. बैठक सुटल्यावर दोन्ही गुडघे आतल्या बाजूला आले, उजवा जास्त. शेवटी उजव्या खुब्याचं एक्स्टेन्शन अपुरं.’ गुडघे आत येणं सॅजिटल पातळीत नीट दिसत नाही, ते समोरून, फ्रंटल पातळीत पाहायचं. ते बहुतेकदा खुब्यातल्या अ‍ॅडक्शन आणि अंतर्गत रोटेशनमुळे होतं. म्हणून तेच उठणं समोर जाऊन पुन्हा एकदा पाहा. या वेळी डोळे गुडघ्यांवर ठेवा आणि खुब्याला काय होतंय ते लिहा.